जुन्या-नव्याची जोडमांडणी : हुपरीच्या रुप्याच्या संदर्भात एक विचार

जुनी कलाकृती आणि नवी कलाकृती एकाच दालनात, एकमेकींच्या शेजारी मांडून दाखविण्याची पद्धत आता कलासंग्रहालयांच्या अंगवळणी पडली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत प्रेक्षकांची वर्दळ वाढते आणि अशा वेळी भरणाऱ्या प्रदर्शनांना ही जोडमांडणी विशेष सोयीची वाटते. तिच्यापासून दुहेरी लाभाची अपेक्षा असते. जुन्या वस्तूवर साचलेली परिचयाची पुटे निघावीत आणि नव्या वस्तूला वंशावळ लाभावी, ही ती अपेक्षा होय. या दोहोंपैकी कोणता लाभ कितपत पदरी पडतो, हे प्रत्येक प्रदर्शनागणिक तपासावे लागेल. परंतु त्याआधी या पद्धतीच्या मुळाशी असलेले एक गृहीत तपासणे अगत्याचे आहे. नव्याच्या शेजारी ठेवण्यासाठी जुने शिल्लक असते, हे ते गृहीत.

हे गृहीत इतके स्वाभाविक वाटते की त्याचा स्वतंत्र विचार सहसा होत नाही. टी. एस. एलियट यांनी १९१९ साली परंपरेविषयीच्या आपल्या निबंधात मांडलेली भूमिका मराठी समीक्षेला सुपरिचित आहे. खऱ्या अर्थाने नवी असलेली कृती अवतरली की तिच्या पूर्वीच्या कृतींची परस्परसंगती थोडीफार पालटते, असे तिचे सार सांगता येईल. काव्याच्या बाबतीत ही भूमिका निर्वेध टिकते. कारण नवे काव्य लिहिण्यासाठी जुन्या काव्याची पाने पुसावी लागत नाहीत. ज्या कलेत नवी कृती घडविण्यासाठी जुनी कृती विस्तवावर ठेवावी लागते, तिच्या परंपरेचे काय, हा प्रश्न त्या भूमिकेच्या कक्षेत येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथे रुप्याचे दागिने घडविण्याची जी कला नांदते, ती नेमकी या प्रकारची आहे. म्हणूनच जोडमांडणीच्या तत्त्वाची कसोटी पाहण्यास ती उपयोगी पडते.

प्रदर्शनातील मांडणी हीही एक रचनाच असते. अशा रचनेचा विचार करताना मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताची आठवण होणे साहजिक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातून परिचित झालेले संवाद, विरोध व समतोल हे लयीचे तीन नियम एकाच कलाकृतीच्या अंतर्गत संवेदनासंबंधांना उद्देशून आहेत. तथापि संग्रहालयातील जोडमांडणी बहुधा याच तीन वाटांनी जाताना दिसते. दोन वस्तूंत आकाराचे वा रंगाचे साम्य आढळले की संवाद साधतो. एक ओबडधोबड व दुसरी गुळगुळीत असली की विरोध उठून दिसतो. आणि दालनाच्या दोन टोकांना दोन्ही तोलून धरल्या की समतोलाचा भास होतो. डोळ्यांना हे सुखावह असते. परंतु संवेदनांचा मेळ जमला म्हणजे त्या दोन वस्तूंमध्ये काही नाते सिद्ध झाले, असे मात्र होत नाही. हा भेद पुढील उदाहरणांवरून स्पष्ट व्हावा.

२

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत सातत्याने अवलंब झाला तो मुंबईच्या भायखळा भागातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. १८५५च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने जमविलेल्या वस्तूंत या संग्रहाचा उगम आहे. डॉ. भाऊ दाजी लाड व जॉर्ज बर्डवुड या दोघांचाही त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. सध्याच्या वास्तूचा पाया १८६२ साली घातला गेला आणि २ मे १८७२ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ती व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम या नावाने लोकांसाठी खुली झाली. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. पुढे अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये त्याचे दरवाजे पुन्हा उघडले आणि तेव्हापासून आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाशी नाते जोडणारी प्रदर्शने मांडण्यास तेथे पाचारण करण्यात येऊ लागले.

अशा प्रदर्शनांपैकी जितिश कलाट यांचे २०११चे ‘फील्डनोट्स’ हे प्रदर्शन विचारात घेण्याजोगे आहे. त्यातील ‘सर्का’ या कृतीत बांधकामाच्या बांबूच्या परातीचे रूप राळेत ओतून घडविलेले होते. वरवर पाहता नक्षीदार खांबांच्या, सोनेरी वेलबुट्टीच्या दालनात परातीचा सांगाडा उभा करणे हा विरोधलयीचा प्रयोग वाटतो. वस्तुतः त्याची सार्थकता विरोधात नाही. परात ही इमारतीच्या घडणीची सोबतीण असते. घडण पुरी झाली की ती उतरविली जाते आणि तिची आठवणही राहत नाही. नुकत्याच जीर्णोद्धार झालेल्या वास्तूत परातीलाच कायम रूप देऊन उभे करणे म्हणजे त्या वास्तूच्या घडणीतील पुसला गेलेला टप्पा प्रेक्षकापुढे आणणे होय. येथे जुने आणि नवे यांच्यात घडणीचे नाते आहे, आणि त्यामुळेच ही मांडणी दृष्टिसुखाच्या पलीकडे जाते.

याच प्रदर्शनाच्या निमित्ताने या पद्धतीची एक उणीवही ध्यानात येते. संग्रहालयात मुंबई इलाख्यातील नाना जातींच्या व धंद्यांच्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. प्रत्येक पुतळा आपापल्या वेषात, आपापल्या अवजारांसह स्थिर उभा आहे. कलाटांनी एका कृतीत तशाच लहान मानवाकृती हाणामारीत गुंतलेल्या दाखविल्या. वर्गीकरणाच्या कपाटात शिस्तीने उभ्या केलेल्या समाजाला नव्या आकृतींनी दिलेले हे उत्तर निश्चितच भेदक आहे. परंतु या उत्तरात एक बाजू नावानिशी बोलते व दुसरी निनावी राहते. नव्या आकृतींपाशी कलावंताचे नाव असते. जुन्या पुतळ्यापाशी धंद्याचे वा जातीचे नाव असते. तो पुतळा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तो कोणाची प्रतिमा आहे एवढेच मिळते. तो कोणाच्या हातचा, हे प्रेक्षकाच्या मनात येतच नाही.

या विषमतेला इतिहास आहे. बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात हिंदी कारागिरीचा मनःपूर्वक गौरव केला. त्याच बर्डवुड यांनी १९१० साली लंडनमधील एका सभेत हिंदुस्थानात ललितकला म्हणावी असे काही आढळत नाही, असे मत मांडले. त्यावर मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटीची स्थापना झाली. ही दोन मते परस्परविरुद्ध भासली तरी एकाच भूमिकेच्या दोन बाजू आहेत. कारागिरी समूहाची, परंपरेची, निनावी; ललितकला व्यक्तीची, प्रतिभेची, नावाची — हा भेद एकदा स्वीकारला की पहिलीची कितीही स्तुती करता येते, कारण स्तुतीने तिची पायरी बदलत नाही. आजची जोडमांडणी दोहोंना एका पातळीवर आणल्याचा निर्वाळा देते. परंतु चिठ्ठीवरील मजकूर बदलत नाही तोवर बर्डवुड यांचा भेद दालनात कायमच असतो.

३

जोडमांडणीतून नावाचा व श्रमाचा प्रश्न किती तीव्रतेने उभा करता येतो, याचा एक नमुना अमेरिकेतील आहे. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने १९९२ साली बाल्टिमोर येथील मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातील वस्तू नव्याने लावून ‘मायनिंग द म्यूझियम’ हे प्रदर्शन सिद्ध केले. त्यातील एका कपाटात उठावाच्या नक्षीची चांदीची भांडी होती आणि त्यांच्यामध्ये गुलामांच्या लोखंडी बेड्या ठेविल्या होत्या. चिठ्ठीवर एवढेच होते : धातुकाम, १७९३–१८८०.

या कपाटातील एकही वस्तू विल्सन यांनी घडविलेली नव्हती. दोन्ही प्रकारच्या वस्तू जुन्याच, एकाच संग्रहातल्या. नवी होती ती केवळ त्यांची सन्निधी. संवेदनेच्या भाषेत बोलावयाचे तर उजळ व काळा, नाजूक व बोजड असा विरोध तेथे होता. परंतु प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी गोष्ट तो विरोध नव्हे. चांदी ज्यांच्या मेजावर होती त्यांची समृद्धी बेड्या घातलेल्यांच्या श्रमावर उभी होती, हे दालनाबाहेरचे सत्य त्या सन्निधीने दालनात आणले. किंबहुना दोन वस्तू मांडणाऱ्याने एकत्र आणण्यापूर्वीच इतिहासाने त्या एकत्र बांधलेल्या होत्या. मांडणाऱ्याने ते नाते हुडकून काढले.

यावरून जोडमांडणीच्या परीक्षणाचा एक निकष हाती येतो. दोन वस्तू दालनात एकमेकींना शोभतात की नाही, हा दुय्यम प्रश्न होय. दालनाबाहेर त्यांचा काही संबंध होता काय, आणि असल्यास मांडणीने तो उघड केला की झाकला, हा मुख्य प्रश्न होय.

४

अतुल दोडिया यांनी २०१४-१५ मध्ये भाऊ दाजी लाड संग्रहालयातच ‘सेव्हन थाउजंड म्यूझियम्स’ हे प्रदर्शन मांडले. या प्रकल्पाच्या मुळाशी भारताच्या लहानसहान गावांतूनही संग्रहालये असावीत, ही कल्पना होती. तिचा धागा धरून पुढे जायचे झाले तर एक प्रश्न सहज सुचतो. त्या हजारो कल्पित संग्रहालयांपैकी एक हुपरीत उभे राहिले, तर तेथे जुने म्हणून काय ठेवता येईल?

हातकणंगले तालुक्यातील हे गाव रुप्याच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी, देशभर ओळखले जाते. सोने पायात घालू नये हा संकेत पाळला जात असल्याने पायातल्या दागिन्यांचे क्षेत्र रुप्याकडे आले. पैंजण, वाळे, तोडे, जोडवी यांची घडण हुपरीत व भोवतालच्या गावांत घरोघर चालत आली. शुद्ध रुपे मऊ असते, म्हणून त्यात तांबे मिसळून ते मुशीत आटवितात. त्याची तार ओढतात, पत्रा काढतात. तारेच्या कड्या करून त्या एकमेकींत गुंफतात. डाख देऊन सांधे पक्के करतात. ठशावर फुले व पाने उठवितात. घुंगरू बसवितात आणि अखेरीस उजळा देतात. ही सर्व कामे एका माणसाने क्वचितच केलेली असतात. आटणी एकाकडे, तार दुसऱ्याकडे, कड्यांची गुंफण तिसऱ्या घरी — आणि त्या घरी ती बहुधा स्त्रियांच्या हातची — असा पैंजणाचा प्रवास होतो. हा पैंजण कोणाच्या हातचा, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर एका नावाने देता येणार नाही. म्हणजे येथील निनावीपणा संग्रहालयाच्या चिठ्ठीने लादलेल्या निनावीपणाहून निराळा आहे. येथे नाव नाही असे नाही. नावे अनेक आहेत आणि ती एका ओळीत मावत नाहीत.

या कलेचे दुसरे वैशिष्ट्य अधिक मूलगामी आहे. पैंजणाची कडी झिजते, तान्हेपणी घातलेले वाळे मूल वाढले की होईनासे होते, नमुना जुना वाटू लागतो, किंवा घरात पैशाची निकड उभी राहते. अशा वेळी दागिना मोडीत निघतो. उन्हाळा हा जसा प्रदर्शनांचा, तसाच लग्नसराईचाही काळ. नव्या सुनेच्या पायातले पैंजण घडविताना सासूचे जुने पैंजण दुकानी जातात, ही मराठी घरांतली नित्याची गोष्ट आहे. रुपे सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला फूल, पान, कडी आणि सांधा यांत काहीच भेद उरत नाही. थोडी घट जाऊन जे उरते त्याची पुन्हा तार ओढली जाते. आज दुकानात लखलखणाऱ्या पैंजणात किती पिढ्यांची पावले मिसळलेली आहेत, हे कोणत्याही कसोटीच्या दगडावर उमटणार नाही.

म्हणजे हुपरीत जुने आणि नवे शेजारी शेजारी नसतात. जुने नव्याच्या पोटात असते. जोडमांडणीला जे दोन पदार्थ हवेत त्यांतला एक दुसऱ्यात विरघळलेला आहे. कारागिरीची परंपरा अखंड असूनही, किंबहुना ती अखंड असल्यामुळेच, तिचे जुने नमुने वस्तुरूपाने फारसे उरत नाहीत.

याचा व्यत्यासही उद्बोधक आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या प्राचीन वस्तूंचा मोठा ठेवा सापडला. त्यातील पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण ठरली. ही मूर्ती सुमारे दोन हजार वर्षे टिकली ती कोणी जपली म्हणून नव्हे. ती मातीखाली गेली आणि कोणाच्याही मुशीच्या वाटेला आली नाही, म्हणून टिकली. धातूची जुनी वस्तू संग्रहालयात दिसते तेव्हा ती बहुधा अशा विस्मृतीतून आलेली असते. वापरात राहिलेली वस्तू वितळली आणि विसरलेली उरली. तेव्हा कपाटातील धातुवस्तूंवरून त्या कलेच्या परंपरेचा अंदाज बांधणे म्हणजे अपवादावरून नियम ठरविणे होय.

५

या विवेचनातून मोलाचा प्रश्नही निघतो. पैंजण विकत घेताना गिऱ्हाईक रुप्याचे मोल आणि घडणावळ अशी दोन्ही देते. तोच पैंजण मोडीत घालताना हाती पडते ते केवळ रुप्याचे मोल, आणि तेही कस पाहून. घडणावळ बुडते. बाजाराच्या हिशेबी जुन्या कारागिरीची किंमत शून्य आहे. संग्रहालयाचा हिशेब बरोबर उलटा. तेथे वजनाला किंमत नाही. जी काही आहे ती घडणावळीला. एकाच वस्तूविषयीचे हे दोन न्याय आहेत आणि दोन्ही एकांगी आहेत. मोडीचा न्याय कारागिराचे कौशल्य विसरतो. संग्रहालयाचा न्याय हे विसरतो की पैंजण ही अडीअडचणीला उपयोगी पडणारी पुंजी होती, स्त्रीच्या स्वतःच्या मालकीची होती, आणि तिला मोडता येणे हा तिच्या अर्थाचाच एक भाग होता. शिवाय पैंजण ही चालण्याबरोबर ऐकू येणारी वस्तू. काचेच्या कपाटात तिचा नाद हरपतो आणि केवळ नक्षी उरते.

तेव्हा हुपरीच्या कलेची जोडमांडणी करायची झाल्यास डावीकडे जुना पैंजण व उजवीकडे नवा पैंजण, ही रचना अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारी ठरेल. ती दोन वस्तूंतील नक्षीचा संवाद दाखवील आणि त्यांच्यातील विस्तव लपवील. या परंपरेत काळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खरोखर जाते ते काय, हे आधी ठरविले पाहिजे. दोन गोष्टी जातात. एक, द्रव्य, आणि दुसरी, घडविण्याची रीत. द्रव्याची साक्ष मोडीच्या तराजूत, घटीच्या नोंदीत असते. रीतीची साक्ष ठशांत, अवजारांत, नमुन्यांच्या नावांत आणि कडी गुंफणाऱ्या बोटांच्या सवयीत असते. दागिना वितळतो, ठसा मात्र तोच राहून शेकडो दागिन्यांना रूप देतो. हुपरीत ‘जुनी कृती’ म्हणून ज्याला स्थान द्यावे असा पदार्थ ठसा आहे. झिजलेला पैंजण, तो मोडताना भरलेले वजन, ज्या ठशावर नवे रूप उठले तो ठसा, त्याच रुप्यातून घडलेला नवा दागिना आणि त्याला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सर्वांची नावे, असा क्रम मांडला गेला तर जुन्या-नव्याचे नाते प्रेक्षकाला सांगावे लागणार नाही, ते दिसेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोडीला अशी प्रतिष्ठा दिली तर जुने दागिने जपण्याची उमेदच नाहीशी होईल. या आक्षेपात तथ्य आहे. उत्कृष्ट नमुने मुशीतून वाचविणे हे संग्रहालयाचे कर्तव्यच आहे आणि ते जितक्या लवकर होईल तितके बरे. परंतु वाचविलेला दागिना हा नियमाला अपवाद म्हणून वाचला, हे त्याच्या शेजारीच सांगितले गेले पाहिजे. अन्यथा प्रेक्षक एका पैंजणालाच परंपरा समजेल. दुसरा आक्षेप असा की, तराजू, ठसे आणि नोंदी मांडल्या तर ते कलेचे प्रदर्शन न राहता उद्योगाचे होईल. हा आक्षेप बर्डवुड यांच्या भेदावरच उभा आहे. परातीला संग्रहालयाच्या दालनात आणून तिचा अर्थ लावणे कलाक्षेत्राला मान्य होते, तर ठशाला तेच स्थान नाकारण्यास तात्त्विक आधार राहत नाही. फरक इतकाच की परात नामांकित कलावंताने आणली आणि ठसा कारागिराच्या पेटीत पडून आहे.

प्रत्येक जोडमांडणीला घडणीच्या नात्याचा हा निकष लावावा, असे मात्र येथे सुचवायचे नाही. दोन चित्रे केवळ रंगसंगतीसाठी शेजारी लावली आणि त्यातून डोळ्यांना काही नवे गवसले, तर तो लाभ खराच. मर्ढेकरांचे तीन नियम तेथे पुरेसे आहेत. परंतु जी वस्तू वापरासाठी घडते, वजनावर विकली जाते आणि विस्तवात संपते, तिच्या बाबतीत संवेदनांची लय ही अर्धीच कथा सांगते.

या प्रश्नाला तातडीही आहे. यंत्रावर विणलेली साखळी आणि साच्यात ओतलेले घडीव रूप यांनी हातकामाचे क्षेत्र आक्रसत चालले आहे. आग्रा, राजकोट, सेलम येथील मालाशी स्पर्धा करताना हुपरीच्या कारखानदाराने यंत्राची वाट धरली, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु आजवर दागिने वितळले तरी ठसे आणि हात राहत होते, म्हणून परंपरा राहत होती. ठसा भंगारात गेला आणि हात दुसऱ्या धंद्याला लागला, तर त्यानंतरचे वितळणे हे निराळ्या प्रकारचे वितळणे असेल. पैंजण आटविला तर पुन्हा पैंजण होतो. आटविलेल्या ठशाचे पुन्हा काय होईल, ते त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. जुन्या-नव्याची संगती लावू पाहणाऱ्या कोणत्याही प्रदर्शनाने हुपरीकडे वळायचे असेल, तर त्याने दागिन्यांच्या कपाटाआधी कारागिरांच्या पेट्या उघडून पाहिलेल्या बऱ्या.